जड हवेचे फुगे

मी क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते, हे आमच्या चारकोपच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे गीझरपासून ॲसिडिटीपर्यंत सगळं माझ्याकडे येतं. गेल्या वर्षी फुगे आले.

झेंडावंदनाला तिरंगी फुगे आकाशात सोडायचे, असं चेअरमनकाकांनी ठरवलं होतं. फुगेवाल्याचा गॅस कमिटीला महाग वाटला.

"तुम्ही केमिस्ट्रीच्या ना? मग गॅस घरीच बनवा," काका मला म्हणाले.

मी सांगितलं, खायचा सोडा आणि व्हिनेगर यांतून कार्बन डायऑक्साइड निघेल. तो हवेपेक्षा जड. फुगे वर जायचे नाहीत.

"आधी फुगवा तर. वर जायचं नंतर बघू."

मी हिशेब मांडून दिला. चौऱ्यांशी ग्रॅम सोड्यातून साधारण चोवीस लिटर गॅस निघतो. आपला फुगा तीन लिटरचा, म्हणजे साडेदहा ग्रॅम सोडा आणि ग्लासभर व्हिनेगर. काकांनी सोड्याची अख्खी गोणी आणली आणि व्हिनेगरची एकच बाटली, कारण त्याला वास येतो.

आदल्या संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात आम्ही तालीम केली. पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांच्या तोंडाला सोडा भरलेले फुगे लावले. त्याआधी बाटलीत काका चमच्याने व्हिनेगर घालत होते. फुगा मोसंबीएवढा व्हायचा आणि थांबायचा.

"सोडा वाढवा," काका म्हणाले.

"काका, व्हिनेगर संपलं की गॅस संपला. मग सोडा कितीही ओता."

"असं कसं? जास्त घातलं की जास्त होणारच."

त्यांनी ओतला. मोसंबीचं कलिंगड काही झालं नाही. "सोड्यात भेसळ आहे," त्यांनी जाहीर केलं आणि कमिटीने माना डोलावल्या. काकांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, तेवढी मान डोलावली नाही. त्यांनी वाण्याकडून व्हिनेगरचा कॅन मागवला आणि सकाळी उठून माझ्या मापाने सगळे फुगे भरले. टम्म झाले.

झेंडा फडकला. काकांनी गच्चीवर फुगे भरून ठेवलेल्या जाळीची दोरी सोडली. फुगे शिस्तीत खाली उतरले आणि पार्किंगमध्ये घरंगळत गेले. पोरं मागे धावली. मी चपलांकडे बघत उभी राहिले.

काकांनी माइक हातात घेतला. "पाहिलंत? फुग्यांनीही झेंड्यापुढे मान झुकवली."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. काकू माझ्याकडे बघून पदराआड हसत होत्या.

पुढच्या मीटिंगमध्ये माझ्या हिशेबाचं कौतुक झालं. पाण्याच्या टाकीची साफसफाईही माझ्या गळ्यात पडली. क्लोरीन हा शेवटी गॅसच, असं काकांचं म्हणणं पडलं.