चपलांच्या कपाटावरचा बुद्ध

माझ्या शाळेतल्या मैत्रिणीनं जालन्यात नवा फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीला मला आईसकट बोलावलं. दारातून आत शिरताच आई थबकली. चपलांच्या कपाटावर, मनी प्लांटशेजारी, बुद्धाचं डोळे मिटलेलं सोनेरी मस्तक ठेवलेलं होतं.

"इंटेरिअरवाल्यानं सुचवलं," मैत्रीण कौतुकानं म्हणाली. "शांत वाटतं ना, काकू?"

 आईनं डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणत त्रिसरण सुरू केलं. जेवणारे हात ताटातच थांबले. कुणीतरी गाणी बंद केली. तोंडात जिलेबी असलेले एक काका उभे राहिले, त्यांचं बघून बाकीचेही. मी आपली मनी प्लांटची पानं न्याहाळत राहिले.

वंदना संपली तशी आतून मैत्रिणीची सासू आली. राजूरकडची, आवाजानं आईच्या तोडीची. मला वाटलं, आता भांडण होतंय. पण ती सुनेकडं बघून म्हणाली, "मी कव्हाची सांगून राह्यले, देवाखाली खेटरं ठेवू नका म्हून! माझं कोन ऐकतं?"

मग आईनं आणि सासूबाईंनी मूर्ती उचलून हॉलमधल्या वरच्या फळीवर नेली. तिथं आधीच एक ढेरपोट्या हसत बसला होता.

"हे कोन?" आईनं विचारलं.

"लाफिंग बुद्धा," मैत्रीण म्हणाली. "घरात सुख येतं."

"आमचा तर सांगतो, हाव सोडा. ह्यानं जेवनसुद्धा सोडल्यालं दिसत न्हाई."

इतकं बोलून आई पंगतीला बसली. ताटात वाटी नव्हती, म्हणून तिनं टीपॉयवरची पितळी वाटी घेतली आणि तिच्यात वरण वाढून घेतलं.

मैत्रीण धावत आली. "काकू, ती ध्यानाची वाटी आहे! वाजवायची असते!"

आईनं शांतपणे घास गिळला. "मंग जेवन झाल्यावर वाजवू." आणि खरंच वाजवली, चमच्यानं.

पुढच्या पौर्णिमेला सासूबाई आमच्याकडं खीर खायला आल्या. हात जोडता जोडता त्यांना बुद्धमूर्तीशेजारी गोळ्यांचं पाकीट दिसलं.

"अन् हे काय वं?"

"शुगरच्या गोळ्या," आई म्हणाली. "वंदनेला बसलं की दिसत्यात. इसरायचं काम न्हाई."

सासूबाईंनी मान डोलावली. "बराबर हाय. मी बी बीपीच्या गोळ्या गणपतीपाशीच ठेवते. पन सुनेला सांगू नका."