भिंत आपली नाही

"मनुष्यदेह हेसुद्धा भाड्याचंच घर आहे."

हे वाक्य मी कीर्तनात ऐकलेलं नाही. गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, हातात ड्रिल मशीन घेऊन स्टुलावर उभा असताना ऐकलं. आम्ही त्या फ्लॅटमध्ये आदल्याच दिवशी राहायला आलो होतो. दार उघडं होतं. समोरच्या फ्लॅटमधले उंच, किंचित वाकलेले गृहस्थ न विचारता आत आले आणि मी जिथे भोक पाडणार होतो नेमक्या त्या जागी तळहात ठेवून उभे राहिले. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"भाड्याचंच घर," ते पुन्हा म्हणाले. "त्यात आपण खिळे ठोकतो का? मग इथे कशाला?"

"घड्याळ लावायचंय."

"फ्रिजवर ठेवा. वेळ तीच दाखवतं."

मी स्टुलावरून खाली उतरलो. अध्यात्मापुढे माझं फारसं चालत नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी स्वतःचं घर होईपर्यंत भाड्यानं दिवस काढलेत, त्यांना हा मधला काळ माहीत असेल. करार अकरा महिन्यांचा असतो आणि त्याच्या आत आपण स्वतःच्या घरात असू, याबद्दल सगळ्यांची खात्री असते. फक्त आपली सोडून. पडदे जुन्या घराच्या मापाचे, म्हणून इथे ते खिडकीच्या मध्येच संपतात. चांगली बादली घ्यायची नाही, कारण ती नव्या घरात. आम्ही घर शोधत होतो. समोरच्या काकांचं शोधून झालं होतं. नदीपलीकडे, मखमलाबादच्या बाजूला एका बांधकामात त्यांनी फ्लॅट घेऊन ठेवला होता. आता फक्त ताबा मिळायचा होता. "तात्पुरते आहोत सर," ते म्हणायचे. मी कॉलेजात शिकवतो, म्हणून सर. "दोन-तीन महिन्यांचा प्रश्न."

काकांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. कधी धरणाजवळ, कधी कालव्याजवळ, पण कायम सरकारी क्वार्टरमध्ये. दिंडोरीकडच्या एका क्वार्टरमध्ये त्यांनी लग्नाआधी आरशासाठी एक खिळा ठोकला होता आणि बदलीच्या वेळी त्यासाठी त्यांना लेखी खुलासा द्यावा लागला. तेव्हापासून भिंतीशी त्यांचे संबंध नमस्कारापुरते राहिले.

त्यांच्या घरात गेलं की हे लगेच कळायचं. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं. वारा सुटला की महिना बदलायचा. आरसा जमिनीवर, भिंतीला टेकवून, त्यामुळे भांग पाडायला बसावं लागे. खोकी अजून चिकटपट्टीसकट. आत एक छत्री आहे हे दोघांनाही पक्कं माहीत होतं, तरी पावसाळ्यात काकांनी नवी आणली. खोकं फोडलं असतं तर ते राहायला आल्यासारखं झालं असतं. आणि खुर्च्या तीन. त्यातल्या एकीवर काकांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो. तुम्ही सवयीनं त्या खुर्चीकडे वळलात, की काका घाईघाईनं म्हणत, "तिथे नको, वडील बसलेत."

काकू उंचीनं काकांच्या खांद्यालाही पुरायच्या नाहीत. माहेर दिंडोरीकडचं, द्राक्षवाल्यांच्यातलं. नवऱ्यानं खात्याची प्रमाण भाषा उचलली, काकूंनी ती त्याच्यापाशीच राहू दिली. सरकारी क्वार्टरचे ओटे कुठल्या तरी सरासरी बाईच्या मापानं बांधलेले असतात आणि काकू सरासरीत बसत नव्हत्या. त्या पाटावर उभ्या राहून स्वयंपाक करत. भाड्याच्या या फ्लॅटचा ओटा तर आणखी उंच.

"लग्नात भटजीनं पाटावर उभं केलं," त्या एकदा भाकरी थापता थापता माझ्या बायकोला म्हणाल्या, "तवापासून खाली उतरलेच नाय."

म्हणून नव्या घरात काकांना काय हवं होतं, तर फक्त ओटा. हवेशीर बाल्कनी, पोहण्याचा तलाव, योगासाठी गवत यांतलं काही नाही. त्यांनी टेपनं काकूंच्या कोपराची उंची मोजली होती आणि बांधकामावर जाऊन ओटा तेवढाच खाली घ्यायला लावला होता. "काका, उद्या विकताना अडचण येईल," तिथला सुपरवायझर म्हणाला. "विकायला नाही, भाकऱ्या करायला घेतलाय," काका म्हणाले. ही गोष्ट सांगताना ते कमरेच्या जरा खाली हवेत हात धरायचे. "इथे. बरोबर इथे." तो ओटा मला त्यांच्या हाताखाली दिसायला लागला होता.

दर रविवारी ते दोघं रिक्षानं इमारत पाहायला जात. एकदा मीही गेलो. इमारतीच्या नावात नदी, आकाश आणि इटलीतलं एखादं गाव असं सगळं होतं. नदी कुठल्याच खिडकीतून दिसत नव्हती. विक्रीच्या ऑफिसात काचेच्या पेटीत इमारतीची छोटी प्रतिकृती होती. तिच्याभोवती कापसाची झाडं आणि बोटाएवढी माणसं, सगळी कुत्रे फिरवणारी. एकाच्याही हातात भाजीची पिशवी नव्हती. टाय लावलेल्या मॅनेजरनं आम्हाला गार पाणी दिलं आणि हात जोडून म्हणाला, "फक्त लिफ्ट राहिलीय. सिंहस्थाच्या आत ताबा. शब्द आहे आमचा."

त्या दिवसांत नाशकात सगळंच सिंहस्थाच्या आत होणार होतं. रस्ते, पूल, गटारी.

"कुठल्या सिंहस्थाच्या?" काकूंनी विचारलं.

मॅनेजर हसला. काका हसले नाहीत. परत येताना रिक्षात ते काकूंना म्हणाले, "असं बोलू नये. शेवटी त्यांच्याच हातात आहे."

"मंग हाताला खाज सुटंल त्यांच्या, तवर मी पाटावरच."

आमचा करार संपला, पुन्हा केला. त्यांचाही. मी काकूंना एकदा ओट्याशी पाहिलं. पाट फरशीवर जरा सरकायचा, त्या पायाच्या अंगठ्यानं तो ओढून परत जागेवर घेत. हे इतक्या सवयीनं चालायचं की त्यांचं त्यांनाही कळत नसावं. मी काकांना म्हटलं, "सुताराला सांगा. ओट्याच्या लांबीची रुंद पायरी करून खाली पक्की बसवून देईल. चार स्क्रू लागतील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना देव बदलायला सांगितलं असावं अशा नजरेनं.

"दुसऱ्याच्या फरशीत? आणि दोन-तीन महिन्यांसाठी?" ते म्हणाले. "तात्पुरतं आहे सर."

एका सकाळी समोरून भांडं पडल्यासारखा आवाज आला. भांडं पडलं की मागून ते घरंगळतं. हे घरंगळलं नाही. आम्ही धावलो. काकू ओट्याखाली कुशीवर पडल्या होत्या, पाट पलीकडे भिंतीपाशी उलटा. काका मध्ये उभे होते आणि त्यांचे हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. तव्यावरची भाकरी काळी पडत चालली होती.

"तवा उतरवा आधी," काकू खालून म्हणाल्या. "मी कुठं पळून चाललेय?"

काकांनी तवा उतरवला. मी ॲम्ब्युलन्स बोलावली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले. डॉक्टर बाहेर आले तेव्हा काकांनी विचारलं, "किती दिवस ठेवायची पट्टी?"

"ठेवायची म्हणजे? कायमची."

काकांच्या संसारातला पहिला खिळा असा काकूंच्या हाडात बसला.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसून होतो. काका बराच वेळ समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. भिंतीवर आरोग्यविषयक सुविचार होते, आठ-दहा पाट्या, सगळ्या खिळ्यांवर.

"सर, तुम्ही चार म्हणाला होतात ना?"

"काय चार?"

"स्क्रू." त्यांनी ऑपरेशनच्या खोलीकडे बोट केलं. "यांनी जास्त लावले."

मी 'असं मनात आणू नका' वगैरे म्हणालो. अशा वेळी माणसं म्हणतात ते सगळं. त्यांनी ते सगळं नीट ऐकून घेतलं, खात्यातलं परिपत्रक ऐकावं तसं, आणि बाजूला ठेवलं. त्या दिवसानंतर 'तात्पुरतं' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही. मला त्याचा कंटाळा आलेला होता, तरी तो गेल्यावर त्यांच्या बोलण्यात एक खड्डा पडल्यासारखं वाटायचं.

काकू घरी यायच्या आदल्या दिवशी ते आमच्या दारात उभे राहिले. आत आले नाहीत.

"सर, ते मशीन द्या."

बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा बसवायचा होता. मी बसवून देतो म्हटलं, तर नको म्हणाले. घरमालकाला विचारलंय का, असं मी विचारलं नाही. त्यांनीही विचारलेलं नसावं. त्यांनी टाइलवर खुणा केल्या आणि मशीन लावायच्या आधी तिथे तळहात ठेवला. पहिल्या दिवशी माझ्या भिंतीवर ठेवला होता तसाच. मग बटण दाबलं. आयुष्यात पहिल्यांदाच दाबत होते. मशीन हातात उसळलं, टाइलला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला. काकांनी तड्याकडे पाहिलं आणि पुढचं भोक पाडायला घेतलं.

त्याच आठवड्यात सुतार येऊन ओट्याखाली रुंद पायरी पक्की करून गेला. काम उत्तम झालं. तिच्यावर चढणारं कोणी उरलेलं नव्हतं. काकू वॉकर धरून पलंगापासून बाथरूमपर्यंत जात, एवढंच. घर सोडताना मालकानं एका टाइलचे पैसे कापले. काकांनी पावतीसुद्धा मागितली नाही. इतकी वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाच्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हे.

घर सोडलं, कारण ताबा मिळाला. फक्त लिफ्ट राहिली होती. काकूंना वर न्यायचं कसं, हा प्रश्न होता. शेवटी काकांनी वडिलांचा फोटो उचलून जमिनीवर ठेवला, त्या खुर्चीत काकूंना बसवलं, आणि आम्ही दोघा-तिघांनी खुर्ची जिन्यानं वर नेली. वळणावर दम खायला थांबलो तेव्हा काकू म्हणाल्या, "सासऱ्याची खुर्ची मिळाली. आता राजकारणात जाते."

नव्या ओट्यावर दूध उतू घालायचं होतं. काकूंची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ठेवली. ओटा खरोखर त्यांच्या कोपराच्या उंचीचा होता. म्हणजे त्या उभ्या राहिल्या असत्या तर. बसून तो त्यांच्या हनुवटीशी येत होता. त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"ब्येस झालाय," त्या म्हणाल्या.

दूध काकांनी उतू घातलं. त्यासाठी ते कमरेत पार वाकले होते.

पुढे त्यांच्याकडे गेलो की दिसायचं ते हेच. सहा फुटी माणूस बुटक्या ओट्यावर वाकून चहा करतोय, मधूनमधून कमरेला हात लावून सरळ होतोय, पुन्हा वाकतोय. "ओटा माझ्या मापाचा आन कंबर यांची," काकू पलंगावरून म्हणायच्या. "आता समजंल, दुसऱ्याच्या मापात राहणं काय असतं." काका चहा गाळत राहायचे. मी एकदा सुचवलं, की ओट्यावर चौरंग ठेवून त्यावर शेगडी ठेवली तर वाकावं लागणार नाही. "नको," ते म्हणाले. "ती उभी राहील. आज चार पावलं जास्त चालली." ओटा तिच्यासाठी तयार राहायला हवा होता. त्यांनी तेवढ्यापुरतं वाकायचं ठरवलं होतं.

भिंती मात्र कोऱ्याच. वडील पुन्हा खुर्चीत.

"काका, आता तरी भिंत तुमची आहे," मी म्हटलं.

त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "सोसायटी व्हायचीय अजून. बिल्डरनं इमारत तिच्या नावानं कन्व्हेयन्स करून दिल्याशिवाय भिंत आपली नाही."

गेल्या थंडीत एका सकाळी चहा गाळताना ते ओट्याशीच खाली बसले आणि तसेच गेले. चहा गाळून झाला होता, असं काकूंनी नंतर मुद्दाम सांगितलं.

दिवस झाल्यावर काकूंचा फोन आला. "सर, ते मशीन घेऊन या."

मी गेलो तेव्हा त्या ओट्याशी उभ्या होत्या. एक हात वॉकरवर, दुसऱ्या हातानं पातेलं हलवत. पाय सरळ फरशीवर. पायाखाली पाट नव्हता. मी तिकडे पाहतोय हे त्यांनी पाहिलं आणि विषय निघू दिला नाही.

"तिथं," त्यांनी पातेल्यातल्या चमच्यानंच समोरची भिंत दाखवली. "ओट्यावरनं दिसला पायजे. ठोका. लय झालं तात्पुरतं."

फोटोत काका नेहमीसारखे किंचित वाकलेले होते, फोटोग्राफरला काही समजावून सांगत असावेत तसे. मी खूण केली. भिंतीला मशीन लावलं. काकूंनी गॅस बारीक केला आणि पदर नीट केला. चाळीस-पन्नास वर्षांच्या त्यांच्या संसारात स्वतःच्या भिंतीवर पडणारं हे पहिलं भोक, या विचारानं मीही जरा गंभीर झालो होतो. मी बटण दाबलं.

फाटकन आवाज झाला आणि सगळ्या घरातली वीज गेली. भिंतीतली वायर नेमकी तिथून नेली होती.

"नगं म्हणत्यात ते," काकू म्हणाल्या.

वायरमन येईपर्यंत फोटो वडिलांच्या शेजारच्या खुर्चीत ठेवला. वायरमन दुसऱ्या दिवशी येऊन काम करून गेला. फोटो अजून तिथेच आहे. पाहुण्यांना बसायला आता एकच खुर्ची उरली आहे.