दिगूकाकाच्या मशीनमधली पाच विमानं

मी गाव सोडलं त्या सकाळी सेलूच्या स्टेशनवर माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, चार अनोळखी माणसांना माझी ओळख करून दिली. "हा आमचा रवी. पुण्याला चाललाय शिकायला. दहावीत असताना यानं पत्रक काढून गावातला अड्डा बंद पाडला." नाना शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे साधं बोलणंही वर्गात बोलल्यासारखं. 'अड्डा' म्हणताना आवाज खाली, 'बंद पाडला' म्हणताना वर. समोरचा माणूस माझ्याकडं कौतुकानं बघायचा आणि मी बॅगेच्या चेनशी खेळत राहायचो. त्यांना तो विनय वाटला. विनय कशाचा! गाडी कधी येते आणि हे बोलणं कधी तुटतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तो अड्डा म्हणजे दिगूकाकाचं दुकान. वालूरच्या वाटेवरच्या आमच्या गावात ज्यांचं बालपण गेलं त्यांना ते सांगायला नको. पण तुमच्यातले बरेच जण आता पुण्यात, नांदेडला, हैदराबादला आहेत, तुमची लेकरंही हे वाचतील, म्हणून सांगतो. दिगूकाका टीव्ही दुरुस्त करायचा. नांदेडहून त्यानं व्हिडिओ गेमच्या दोन जुन्या मशीन आणल्या, उभ्या कपाटाएवढ्या, पुढं काच, खाली एक दांडी आणि तीन बटणं. नाणं टाकायचं आणि खेळायचं. एकीत मारामारी, दुसरीत विमान. विमानाची मशीन माझी होती. माझी म्हणजे, मी दांडी धरली की मोठी पोरंसुद्धा मागं सरकून बघायची. मला 'पायलट' म्हणायची. अभ्यासात मी बरा होतो, कबड्डीत शून्य, पण त्या मशीनसमोर मी गावातला कुणीतरी होतो.

दुकानाचं तोंड पश्चिमेला. दुपारनंतर ऊन थेट काचेवर यायचं आणि चित्र दिसायचं नाही. म्हणून दिगूकाकानं दारात बायकोचं जुनं लुगडं टांगलं होतं, दुहेरी करून. आत गेलं की गार वाटायचं. एवढंच त्या पडद्याचं प्रकरण.

एके दिवशी मी पडदा सारून बाहेर आलो आणि समोर नाना सायकल धरून उभे. "तिथं काय करत होतास?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "बघायला गेलतो, आत काय चाललंय ते." नानांनी विचारलं, काय चाललंय? आणि मी, तोपर्यंत आयुष्यात ज्यानं वहीत शाईचा डाग पडला तरी कबूल केलेलं, तो मी म्हणालो, "नको ते चाललंय नाना. पोरं बिघडायलीत."

मार वाचला. पण नाना मागं हटणारे नव्हते. संध्याकाळी म्हणाले, "मग गप्प का बसायचं? लिही." मी लिहिलं. नानांनी शुद्धलेखन तपासलं, सेलूला जाऊन छापून आणलं. त्या पत्रकात मी लिहिलं होतं की ही मशीन पोरांना लुटते. लिहिलं होतं की शाळा बुडते. आणि एक ओळ लिहिली, जी मला आज जशीच्या तशी पाठ आहे: 'त्या पडद्याआड आपल्या मुलांना काय दाखवलं जातं, हे लिहायला लेखणी धजत नाही.'

लेखणी धजत नव्हती कारण लिहायला काही नव्हतंच. पडद्याआड एक विमान होतं आणि ते विमान मी चालवत होतो.

पुढं मी पुण्यात एका युवक संघटनेत गेलो, अशी शेकडो पत्रकं लिहिली. पत्रकात एक ओळ अशी पाहिजे की वाचणाऱ्याचा घास घशात अडकला पाहिजे, हे तिथं मला कुणी शिकवलं नाही. मी शिकूनच गेलो होतो. उलट नवीन पोरांना मीच ते शिकवतो. लाज वाटते लिहिताना, पण शिकवतो.

त्या एका ओळीनं काय झालं ते ऐका. नानांनी ते पत्रक शाळेत परिपाठाला वाचून दाखवलं. दोन दिवसांत दुकानात पोरगं फिरकेना. ते एक वेळ चाललं असतं, दिगूकाकाचं पोट टीव्हीवर होतं. पण टीव्ही दुरुस्त करायला घरात शिरावं लागतं. आणि पडद्याआड नको ते दाखवणाऱ्या माणसाला घरात कोण घेणार? लोक टीव्ही डोक्यावर घेऊन सेलूला न्यायला लागले, पण त्याला बोलवीनात. पिठाच्या गिरणीवर त्याच्या बायकोशी, काकूशी, कुणी बोलेना. काकू डबा ठेवायची, बाजूला उभी राहायची आणि दळण झालं की उचलून जायची. सहा महिन्यांत त्यांनी मशीन भंगारात दिल्या आणि येलदरीकडं काकूच्या माहेरी निघून गेले. गावातून सगळ्यात आधी स्थलांतर केलं ते मी नव्हे, त्यांनी. आणि त्यांना एसटीपर्यंत सोडायला कुणी गेलं नाही.

आता पुण्याकडं येतो. सध्या आमची मोहीम मोबाइलवरच्या जुगाराविरुद्ध आहे. कॉलेजात जाऊन मी बोलतो, टाळ्या मिळतात. मोहीम खरी आहे, त्यातलं एक अक्षर मी मागं घेत नाही. पण जेवणाच्या सुट्टीत हाच वक्ता ऑफिसच्या लॅपटॉपवर विमान उडवतो. आमच्या ऑफिसात मेघा नावाची लातूरची मुलगी वेबसाइट सांभाळते. तिच्या लॅपटॉपवर मी एम्युलेटर बघितला. एम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरला जुन्या मशीनचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्रॅम. शेकडो गेमची यादी, त्यात खाली सरकता सरकता माझं विमान! तोच निळा समुद्र, तीच सुरुवातीची पिपाणी वाजवल्यासारखी धून. कीबोर्डवरचा पाच दाबला की नाणं पडल्याचा आवाज येतो.

आणि मी तिसऱ्याच टप्प्यात मेलो. पुन्हा खेळलो, पुन्हा मेलो. पायलट म्हणवून घेणारा मी! आठवडाभर हेच. मग लक्षात आलं की कोपऱ्यात विमानं तीनच दिसतात. आमच्या मशीनमध्ये पाच असायची. शत्रूच्या गोळ्याही इथं दाट होत्या. मी मेघाला ऐटीत म्हणालो, "तुझी फाईल खराब आहे. ओरिजिनलमध्ये पाच विमानं मिळतात."

ती म्हणाली, "फाईल बरोबर आहे. मशीनच्या आत बोर्डावर बारक्या खटक्यांची रांग असते. किती विमानं द्यायची, गेम सोपा ठेवायचा का अवघड, ते मशीनवाल्यानं ठरवायचं. इथं मेनूत ते सगळं दिसतं." तिनं मेनू उघडला. कंपनीचं ठरलेलं होतं तीन आणि मध्यम. तिनं पाच केलं, सगळ्यात सोपं केलं, आणि मी खेळलो. झालो परत पायलट. जशीच्या तशी दिगूकाकाची मशीन.

मेघा हसत म्हणाली, "धंदा करणारा माणूस तीन ठेवतो, लोभी असला तर दोन. पाच अन् वर सोपं? तुमच्या गावचा मशीनवाला येडा होता का?"

मी लॅपटॉप मिटला. ही मशीन पोरांना लुटते, असं मी छापलं होतं. आणि आणखी एक गोष्ट, हसाल तर हसा, पण तीही लागली: गावात मी जो कुणीतरी होतो, तोही त्या माणसानं खटके खाली-वर करून दिलेला होता.

दिवाळीत गावी आलो तो घरी न जाता सरळ जिंतूरमार्गे येलदरीला गेलो. रस्त्यालगत पत्र्याचं दुकान. दिगूकाका आता शेतातल्या पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतो. मांडीवर मोटार, हातात तांब्याची तार, डोक्याचे केस सगळे पांढरे. मान वर करून त्यानं मला बघितलं आणि पुन्हा तारेकडं वळला.

"या पत्रकवाले. कुणाचं दुकान बंद करायला आलाव?"

पत्रक मी लिहिलं हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. "तुह्याशिवाय गावात तसं कोण लिवतंय? अन् तुह्या बापानं तं सगळ्या शाळंला सांगितलंच की मह्या लेकरानं लिवलं म्हून." आतून काकूनं विचारलं, कोण आलंय? त्यानं सांगितलं, गुरुजीचा रवी. आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं. थोड्या वेळानं दारातून एक तांब्या बाहेर आला, खाली ठेवला गेला. काकू दिसली नाही. दिवाळीचे दिवस, पण चहाला या म्हणणारं कुणी नव्हतं. बरोबरच होतं.

मी बोललो. सगळं एका दमात बोललो, पत्रकासारखं. पाच विमानांचं सांगितलं, खटक्यांचं सांगितलं. म्हणालो, काका, तुमी पोरांसाठी तोटा सोसत होतात आणि आमी तुमाला लुटारू ठरवलं.

दिगूकाकानं तार ठेवली. "थांब, थांब. तोटा कशाचा? तीन ठेवले तं तुमी पोट्टे दोन मिंटात मरायचे अन् मशीनला लाथा घालायचे. मला टीव्हीत मुंडकं घालून बसायचं आसायचं. दर दोन मिंटाला कोण उठंल? पाच केले, सोपं केलं, तुमी गप. मह्या डोक्याची कटकट गेली." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "आदी सैतान केलंस मला. आता संत करायलास. कामून रं? नुसता माणूस म्हून ऱ्हाऊ दे की."

मी तांब्या उचलून पाणी प्यालो.

"आता सांग," तो म्हणाला, "पडदा कशाचा होता?"

"उन्हाचा."

"हे कुणाला म्हाईत होतं?"

"मला."

"मंग तेवढं लिव. जसं छापलंस तसं छाप, जितं वाटलंस तितं वाट. माफी-बिफी मला नगं. तुही काकू वर्षाला एकदा त्या गावात देवीला जाती. मान खाली घालून जाती. ती वर करून गेली पायजे. लय झालं आता."

ती मान वर व्हावी एवढ्यासाठी हा कागद आहे. बाकीचं सगळं माझं माझ्यापाशी.

घरी येऊन मी नानांना सांगितलं. रिटायर झाल्यापासून नाना ओसरीवर खुर्ची टाकून पेपर वाचतात, वाचून घडी जशीच्या तशी घालतात. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे तू खेळायला जात होतास?" मी हो म्हणालो. मग म्हणाले, "मी परिपाठाला वाचलं रे ते." आणि उठून मळ्यात गेले. दोन दिवस आमच्यात जेवायला चल, पाणी घे, एवढंच बोलणं. आई म्हणाली, "कशाला उकरून काढतो बाबा? लोक विसरले." लोक विसरले हे खरं आहे. ज्यांचं नुकसान झालं नाही ते लवकर विसरतात.

तिसऱ्या दिवशी नानांनी माझा मसुदा मागून घेतला. मला वाटलं फाडतील. त्यांनी चष्मा लावून वाचला, नेहमीसारख्या वेलांट्या दुरुस्त केल्या, आणि खाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'हे पत्रक मी शाळेत वाचून दाखवले. खात्री केली नव्हती. मी शिक्षक होतो, करायला हवी होती.' खाली सही. कागद परत देताना म्हणाले, "वाटायला मात्र मी येणार नाही. मला जमणार नाही ते. तू जा."

म्हणून हे तुमच्या हातात आहे. पेठेत, पारावर, शाळेच्या फाटकाशी मी स्वतः वाटणार आहे. कुणाला शिव्या द्यायच्या असतील तर तोंडावर द्या, पाठीमागं नको.

आठ वर्षांत पुण्यात मी चार खोल्या बदलल्या. तिथं चुकलं की खोली बदलायची. नवे शेजारी, नवा जिना, मागचं कुणाला ठाऊक नाही. तुमच्यातले कित्येक जण याच सोयीसाठी शहरात राहतात. मला तरी ती फार आवडायची. गावाला मी घर म्हणायचो ते सणाला जायचं, आईच्या हातचं खायचं आणि नानांनी चार जणांत केलेलं कौतुक खाली मान घालून ऐकायचं ठिकाण म्हणून. तसलं घर आता उरलं नाही. आता जिथं मी खोटं बोललो, जिथं ते खोटं बोलणारा म्हणून मला ओळखतील, आणि तरी जिथून मला खोली बदलून निघून जाता येणार नाही, ते घर. तिथं जायला मला पहिल्यांदाच भीती वाटायलीय. तरी हे कागद घेऊन येतोय.