दुसऱ्या पृथ्वीवरचा नवरा

चहा घ्या आधी. मग सांगतो, या वयात मी कुणावर जळलो ते. तुम्हाला हसू येईल, पण माझा तेव्हा जीव जात होता हो!

आमची नात रिया माणिकपूरला राहते, कॉलेजात चित्रकला शिकते. सुट्टीत अर्नाळ्याला आमच्याकडे आली की दिवसभर सुपरहिरोंची कॉमिक्स वाचते. यंदा तिने स्वतःच एक काढलं. त्यात आपल्यासारखीच दुसरी पृथ्वी, तिथेही अर्नाळा, आणि तिथेही आमची ही, माझी बायको सुमन. तेच लुगडं, तीच ऐट.

पण शेजारी नवरा कोण? कुरळ्या केसांचा, छाती काढून चालणारा कोणी परकाच! हिच्या डोक्यावरची मासळीची पाटी उचलणारा. किनाऱ्यावर हिला गाणं म्हणून दाखवणारा.

मी विचारलं, हा कोण? रिया म्हणाली, "दुसऱ्या पृथ्वीवरचा आजीचा नवरा." पुढे ती कॉमिक्सचा काही इतिहास सांगत होती. मला कुठलं ऐकू येतंय! ही ते पान बघून लाजत होती. माझ्याकडे बघून शेवटची कधी लाजली होती, मला तर आठवेना.

वर म्हणते कशी, "अगो, नाक अगदी बराबर काढलंस."

म्हणजे माणूस खरा होता! आता गावात कुरळे केस आणि गाणं म्हटलं की एकच नाव, माझा दोस्त दामू. आमचा सगळा जन्म एका होडीवर गेला. तो ओट्यावर आला तर मी तोंड फिरवलं. त्याने तंबाखू पुढे केली, घेतली नाही. त्याच्यासाठी आलेला चहासुद्धा मीच पिऊन टाकला, माझा झालेला असताना. बिचारा विचारत राहिला, पोटात दुखतंय का म्हणून. दुखत होतं, पण पोटात नाही.

शेवटी त्याच्यादेखतच मी शेवटचं पान उघडून हिच्यापुढे धरलं. त्यात तो माणूस मासळी लिलावाला नेण्याआधी सगळ्यात मोठा पापलेट काढून बायकोला देत होता.

"असला कोळी टिकेल का? बुडेल तो!"

सुमनने पदर खोचला. "नाय बुडला. समोर बसलाय."

दामूला हसून हसून ठसका लागला. मग रियाने पुन्हा सगळं सांगितलं. अमेरिकेत एका सुपरहिरोचं कॉमिक बंद पडलं. काही वर्षांनी त्याच नावाचा नवा आणला. पुढे जुन्यालाही परत आणावं असं वाटलं, पण एका नावाचे दोघे कसे चालतील? म्हणून जुन्यासाठी दुसरी पृथ्वी काढली, आणि दोघांची गाठ घालून दिली. तिथून हे सगळं सुरू झालं.

"आजीने जुने आजोबा सांगितले, मी काढले," ती म्हणाली. "नाहीतर ते हरवले असते ना."

माझ्या डोक्यावर आता एक केस नाही. मी ओळखणार कसा?

सकाळी उठून बंदरावर गेलो, निवडून पापलेट आणला. हिने तो उलटापालटा करून पाहिला.

"बरा हाय," म्हणाली. "पन तो मोठा आनायचा."