दुसऱ्यांदा दाबलेलं बटण

पूर्णिमा गडमुडशिंगी गावची. घरच्या आठ म्हशींमुळं दुधाचं काम तिला वेगळं शिकवावं लागलं नाही. कॉम्प्युटरची सी भाषा मात्र ती कोल्हापुरात कॉलेजला असताना हट्टानं शिकली. बरोबरीच्या मैत्रिणी पुण्याला गेल्या. ही इथंच राहून डेअऱ्यांची यंत्रं चालवणारे प्रोग्राम लिहू लागली. अकरा वर्षांत तिच्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

त्या मंगळवारी कोल्हापूरजवळच्या एका डेअरीत यंत्रं चालवणारं नवं मशीन, कंट्रोलर, बसवलं होतं. प्रोग्राम तिचाच, जुना. एकही ओळ न बदलता, नव्या मशीनसाठी नुसता पुन्हा कंपाइल केलेला. सकाळी दहाला दुधाची पाइप कॉस्टिकनं धुवून होत आली होती. कातडी सोलून काढणारं रसायन ते. बाहेर तीन टँकर हॉर्न वाजवत उभे होते.

ऑपरेटर केरबानं धुणं थांबवायचं बटण दाबलं. व्हॉल्व्ह बंद व्हायला वीसेक सेकंद लागायचे, तोवर लाल दिवा तसाच. केरबाला दम निघेना. त्यानं पुन्हा दाबलं. दिवा झटकन विझला.

“झालं बगा! सोडतो दूध!” म्हणत तो दुधाच्या व्हॉल्व्हच्या चाकाकडं वळला.

पूर्णिमा स्क्रीनपाशी उभी होती. ‘कॉस्टिक बंद’ ही ओळ तिथं आलीच नव्हती. प्रोग्राम मधेच मेला होता, म्हणूनच दिवा विझला होता.

“मामा, हात काढा! दूध सोडू नका!”

ती धावली. कॉस्टिकचा व्हॉल्व्ह अर्धा उघडा होता. दोघांनी मिळून तो हातानं आवळला.

मॅनेजर धैर्यशील खाली आला तो तापूनच. “दोनदा बटण दाबायला कुणी सांगितलं? लोकांच्या पोटात विष गेलं असतं! उद्यापासनं येऊ नकोस.”

“सायेब, जुन्या मशीनवर म्या कायम दोन-दोनदा दाबतोय की. कवा काय झालं न्हाय,” केरबा कसाबसा म्हणाला.

म्हणजे बदललं होतं ते मशीन, केरबा नाही, हे पूर्णिमाच्या ध्यानात आलं.

“त्यांना घालवू नका. मला तासभर द्या,” ती म्हणाली. धैर्यशीलनं टँकर दुसऱ्या टाकीकडं वळवले.

बटण दाबलं की प्रोग्रामला सिग्नल जायचा. ‘सिग्नल आला की मरू नकोस, आधी व्हॉल्व्ह बंद कर,’ हे तिनं सीमधल्या ‘सिग्नल’ नावाच्याच फंक्शनला सांगून ठेवलं होतं. जुनी सिस्टीम ते कायम लक्षात ठेवायची. नवी मात्र पहिला सिग्नल आला की तो हुकूम विसरायची, आणि दुसऱ्या सिग्नलला प्रोग्राम जागीच ठार. हे फंक्शन सगळीकडं सारखं वागत नाही, असं सीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं. तिनं ते वाचलंही होतं. ‘आपल्याकडं चालतंय की,’ म्हणून सोडून दिलं होतं.

त्या आवारात सी वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. ती गप्प बसली असती, तर केरबा घरी गेला असता आणि गोष्ट तिथंच मिटली असती.

ती जिना चढून धैर्यशीलच्या खोलीत गेली.

“चूक केरबामामांची नाही, माझी आहे. बटण माणूस चारदा दाबणारच. प्रोग्रामनं ते सोसायला पाहिजे होतं.”

धैर्यशीलनं एक कोरा कागद पुढं सरकवला. “हे लिहून द्याल?”

“देते.”

दुरुस्तीत तिनं ‘सिग्नल’ऐवजी ‘सिगॅक्शन’ हे फंक्शन वापरलं. ते या दोन्ही सिस्टीमवर सारखंच वागतं, दिलेला हुकूम विसरत नाही. आणि सिग्नल आल्यावर फक्त एक खूण करायची, व्हॉल्व्ह बंद करायचं काम मुख्य प्रोग्रामनं सावकाश करायचं, अशी मांडणी केली. मग पाइपमध्ये नुसतं पाणी सोडून तिनं केरबाला बोलावलं.

“मामा, दाबा. पाहिजे तितक्यांदा.”

“नगं ताई, हात उचलत न्हाय.”

“मी हाय की इथं.”

त्यानं डोळे मिटून धडाधड बटण दाबलं. दिवा जळतच राहिला. वीस सेकंद कुणी हललं नाही. मग व्हॉल्व्ह खटकन बसला आणि स्क्रीनवर ‘कॉस्टिक बंद’ ही ओळ उमटली. केरबा तिथंच फरशीवर बसला आणि त्यानं तोंडावरून टॉवेल फिरवला.

धैर्यशीलनं तिचं पत्र फाइलला लावलं. केरबाला तो एवढंच म्हणाला, “जा, पुढचा टँकर घे आत.”

पूर्णिमानं फोन काढला. कोडोलीच्या डेअरीत त्याच दुपारी असाच नवा कंट्रोलर बसणार होता, त्याच जुन्या प्रोग्रामसकट.

“यंत्र सुरू करू नका,” ती म्हणाली. “का ते आल्यावर सांगते. चूक माझीच आहे.”