आबांच्या जाकिटावरची हळद

नाथाजी आबा गेलं आनि म्हयना व्हायच्या आतच त्यांच्या जाकिटाचा विषय गावात निघाला.

जाकीट म्हंजे चामड्याचं, मिल्ट्रीचं, तपकिरी. कडेगावाकडंच्या त्या गावात त्ये म्हाईत न्हाई असा मानूस न्हवता. आबांचं वडील आप्पासो दुसऱ्या मोठ्या लढाईत इटलीला गेलं, त्ये परत आलंच न्हाईत. आबा तवा पाळन्यात. मागं ऱ्हायलं त्ये येवढं जाकीट, असं आबांची आई सुलाबाई सांगायची. आबा भरतीला निघालं तवा तिनं ट्रंकंतनं काढून त्यांच्या अंगावर घातलं. म्हनली, "तुझ्या बापाचं हाय. जप."

आबांनी जपलं. पलटनीत सगळी नोकरी स्टोअरवर काढली. बूट, कोट, कांबळी मोजून घ्यायची, मोजून द्यायची. घरात चमचा जागचा हलला तर "कुनी सही करून नेला रं?" म्हनून इचारायचं. रिटायर हून आल्यावर थंडीत उसाला पानी पाजायला ह्येच जाकीट. लोकं म्हनायची, "आबा, पानी पाजायला निघालाय का लढाईला?" आबा म्हनायचं, "तुझ्या बांधाला बांध हाय न्हवं? मग लढाईच की!"

खंडेनवमीला सोप्यात पाट मांडायचा. कोयता, खुरपं, लेकीची शिलाई मशीन, आनि शेजारच्या पाटावर जाकीट. चामडं देव्हाऱ्यात चालत न्हाई म्हनून येगळा पाट. त्याला हळदीकुंकू लावायचं आबांनीच, आनि त्ये बी एकाच जागी, कॉलरीच्या आत कापडाची पट्टी हाय तिथं. वर्सानुवर्सं लावून त्या पट्टीवर खपली धरली व्हती. बाकी कुनाचा हात चालायचा न्हाई. बायको बनुबाईचा बी न्हाई.

ह्या वर्षी गावानं सैनिकांच्या आठवनीची खोली बांधली. दसऱ्याला उघडायची. आप्पासोंच्या नावाखाली जाकीट ठेवायचं ठरलं आनि आबांच्या एकुलत्या लेकीनं, क्रांतीनं, त्ये आनून दिलं. तिथं भावकीतलं जयराज काका बसलेलं. रिटायर सुभेदार. त्यांनी जाकीट उलटंपालटं केलं, चेन वर-खाली वढली.

"क्रांते, ह्ये त्या लढाईतलं न्हाई गं."

"मग कवाचं?"

"मागनं झालेलं. आप्पासो मेल्यावर लय दिसांनी. असली चेन, असलं अस्तर मी बघितलंय." काका चारचौघांकडं बघून बारीक हसलं. "आता नवरा न्हाई तर सुलाबाईच्या ट्रंकंत सोल्जराचं जाकीट आनून ठेवलं कुनी, त्ये देवाला ठावं."

दोघांनी माना खाली घातल्या. क्रांतीनं जाकीट उचललं आनि घरी आली.

बनुबाई म्हनली, "त्याच्या तोंडाला काय हाड हाय व्हय? दे सोडून."

"कसं सोडू आई? आज चौघात बोलला, उद्या सगळं गाव बोलंल. आजी काय सांगाय येनार हाय का? आबा हायती का?"



दुसऱ्या दिशी क्रांती जाकीट घिऊन कराडला गेली. मंडईच्या मागं फारूकचं चामड्याचं दुकान हाय. ती शिवायची त्या पिशव्यांच्या चेनी तिथनंच आनायची. जाकीट फळीवर ठेवलं पन हात काढवंना. खरं निघालं तर? काका म्हनत्यात तसंच निघालं तर, त्या म्हातारीचं नाव धुवायला जायाचं कुठं?

फारूकनं कॉलर उलटी केली. "ताई, लेबल इथंच हाय, हळदीखाली. काढू का?"

आबांच्या बोटाची हळद व्हती ती. क्रांतीनं त्या खपलीवर एकदा आपलं बोट टेकवलं.

"काढा."

फारूकनं वला फडका आनि मऊ ब्रश घिऊन हळूहळू खपली सोडवली. पिवळं पानी फळीवर आलं. खालनं अक्षरं वर आली. कारखान्याचं नाव अर्धं उडालेलं. पन गाव धड व्हतं, कानपूर. आनि खाली साल, एकोनीसशे एकोनसाठ.

म्हंजे लढाई संपली, इंग्रज गेलं, त्याच्या बी मागनं. काका बरोबर निघालं.

फारूक अस्तर कुठं फाटलंय का बघाय लागला. त्यानं डावा खिसा उलटा केला आनि तसाच थांबला.

"अम्मी! जरा भायेर ये."

आतनं त्याची म्हातारी आई अख्तरबी आली. तिनं खिशाचा कोपरा बोटानं चाचपला. तिथं लाल दोऱ्याची बारकी फुली शिवलेली.

"अगं, हे तर आपल्या दुकानाचं!" ती म्हनली. "माझे सासरे, इमाममियां, कानपूरचा नापास झालेला माल लिलावात घ्यायचे. एखादी शिवण वाकडी, एखादी बाही आखूड. इकताना खिशात लाल फुली घालायचे. बदलायला कोन आलं तर माल आपला का दुसऱ्याचा, ते कळावं म्हनून."

क्रांतीनं जाकीट वढून घेतलं. तिचा जलम शिवन्यात गेलेला. उजव्या खांद्याची शिवन वाकडी व्हती. येवढी वर्सं बघून बी दिसली न्हवती.

"बाया घ्यायच्या का हो?"

"घ्यायच्या की. गूळ इकायला बाजारात यायच्या. पोरगा भरतीला चालला म्हनून न्यायच्या, असं सासरे सांगायचे."

परत येताना यष्टीत क्रांतीनं जाकीट मांडीवर धरलं व्हतं. कॉलरीचं लेबल सारखं म्होरं यायचं. आनि तिच्या ध्यानात आलं. आबा जलमभर स्टोअरवर! हजार लेबलं वाचलेला मानूस. त्यानं आपल्या बापाच्या जाकिटाचं वाचलं नसंल? पयल्याच सुट्टीत वाचलं आसंल. वाचून आईला एका शब्दानं इचारलं न्हाई. हळद लावली.

तिनं पदर तोंडाला लावला. शेजारची बाई म्हनली, "काय वं, उलटी येतीया का?" क्रांतीनं नुसती मान हलवली.

घरी सगळं आईकल्यावर बनुबाई म्हनली, "त्यांनी झाकलं. तू बी लाव परत हळद."

"लावली तर आबांनी झाकलेलं तसंच ऱ्हाईल, पन आजीचं नाव जाईल."

त्या रातीला कुनी जेवलं न्हाई. सकाळी बनुबाईनंच जाकीट झटकून लेकीच्या हातात दिलं. "जा. सांग."

खोलीवर काका व्हतंच. "काय गं, लागला का पत्ता?"

"लागला. वाचा."

काकांनी चष्मा लावला. "एकोनसाठ. म्हनलं न्हवतं मी?"

"तुमचं बरोबर हाय. आता डावा खिसा उलटा करा." मग क्रांतीनं फुलीचं सगळं सांगितलं. "माझ्या आजीनं कराडच्या बाजारातनं इकत आनलं ह्ये. नवऱ्याचं हाड बी घरी आलं न्हाई. पोराला बापाचं काय तरी पायजे म्हनून आनलं."

काका फुलीवर बोट फिरवत ऱ्हायलं. "पन नाथाआबाला कळलं नसंल व्हय? अगं, त्यो मानूस बुटाच्या तळव्यावरनं साल सांगायचा..." त्यांनी टोपी काढली. "पोरी, मी परवा बोललो त्ये..."

"मला सांगू नका काका. चौघात बोललाय, चौघातच सांगा."

काकांनी सांगितलं. त्याच चौघांना, उभं ऱ्हाऊन.

जाकीट काय खोलीत ऱ्हायलं न्हाई. तिथं आप्पासोंचं नुसतं नावच हाय. खंडेनवमीला बनुबाईनं सोप्यात येगळा पाट मांडला. कोन लावनार म्हनून क्रांती थांबली, तर आईनंच हळदीत बोट बुडवलं. त्ये कॉलरीकडं गेलं, तिथं जरा थांबलं. मग तिनं डावा खिसा उलटा केला आनि लाल फुलीवर टेकवलं.