न हलणाऱ्या शेपट्यांचे निदान

डॉ. शेलार यांच्या दौंडच्या प्रयोगशाळेत मी रुजू झाले ते सत्तरच्या दशकात. पहिल्याच दिवशी त्यांनी एकच नमुना माझ्याकडून तीनदा तपासून घेतला. मला राग आला. "ताई, या तपासणीच्या कागदावरून लोक घर मांडतात नि मोडतातही," एवढेच ते म्हणाले. आज डॉक्टर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. मीही थकले आहे, फार लिहिणे होत नाही. म्हणून एकच हकिगत सांगते.

शिरूरजवळचे एक शेतकरी आले होते. त्यांना बबनराव म्हणू. लग्नाला आठ वर्षे होऊन मूल नव्हते. लहानपणापासून खोकला, क्षयाची इंजेक्शनेही दोनदा घेऊन झालेली. त्यांच्या वीर्यात शुक्राणू भरपूर होते, रंग टाकून पाहिले तर जिवंतही होते. पण एकाचीही शेपूट हलत नव्हती. मी तीनदा पाहिले, मग डॉक्टरांनी पाहिले.

"दोष तुमच्या पत्नीत दिसत नाही," डॉक्टर म्हणाले.

"कागदावर तसं लिहू नका डॉक्टर. दुसरी सोयरीक जमलीया."

डॉक्टरांनी जे होते तेच लिहिले. बबनरावांनी तो कागद घरी दाखवलाच नाही. त्यांच्या पत्नीला, रखमाबाईंना, तळेगाव ढमढेऱ्याला माहेरी धाडल्याचे नंतर कळले.

डॉक्टरांच्या मनातून ते जात नव्हते. पुढे पुण्याच्या एका ग्रंथालयात त्यांना परदेशी नियतकालिकातला लेख सापडला. तो त्यांनी मला कागदावर काढून समजावला. शेपटीच्या आत नळ्यांच्या नऊ जोड्या गोलाकार असतात, मधोमध दोन सुट्या नळ्या. जोड्यांना अतिसूक्ष्म हात असतात. ते शेजारच्या जोडीला सरकवतात, म्हणून शेपूट वळवळते. काहींना हे हात जन्मतःच नसतात. श्वासनलिकेतले कफ वर ढकलणारे केसही त्याच घडणीचे, म्हणून अशांचा खोकला हटत नाही. कित्येकांचे हृदयही उजवीकडे असते.

रविवारी डॉक्टर मला घेऊन एसटीने शिरूरला गेले. ओसरीवर त्यांनी बबनरावांच्या छातीला डावीकडे तपासायची नळी लावली, मग उजवीकडे सरकवली आणि तिथेच बराच वेळ ऐकत राहिले.

"हे जन्मापासूनचं आहे. तुमची चूक नाही, रखमाबाईंची तर नाहीच. दुसरी आणलीत तर तिलाही हेच भोगावं लागेल."

"औषध?"

"नाही."

बबनराव बराच वेळ खोकत बसले. मग त्यांनी स्वतःच आत हाक मारली, "आये, सोयरीक मोडायची. रखमात काय बी न्हाई. माझ्यातच हाय."

 येताना बसमध्ये डॉक्टर म्हणाले, "सांगितलं, पण दिलं काहीच नाही."

रखमाबाई लगेच परतल्या नाहीत. बबनराव त्यांना आणायला दोनदा तळेगावला जाऊन एकटेच परतले. तिसऱ्या खेपेला त्या आल्या. मूल झाले नाही. खोकला क्षयाचा नव्हताच हे कळल्याने ती इंजेक्शने तेवढी पुन्हा घ्यावी लागली नाहीत. पुढे एकदा त्या प्रयोगशाळेत येऊन डॉक्टरांना म्हणाल्या, "आठ वर्सं मला वाटत व्हतं, माझंच काय तरी चुकलं." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मी पुढच्या नमुन्याकडे वळले.

अशा कितीतरी बातम्या डॉक्टरांनी जन्मभर लोकांना समोर बसून, खऱ्या सांगितल्या. आता त्यांच्याकडे चांगल्या बातम्या घेऊन माणसे येत राहोत, आणि त्या निवांत ऐकायला त्यांना निरोगी, भरपूर वर्षे मिळोत.